ब्रेक पॅड घेताना आणि बसवताना या चुका टाळा

स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन ‘स्विफ्टचे पुढचे पॅड द्या’ असे सांगितले, की काउंटरवरचा जुना माणूस माल काढण्याआधी उलट विचारतो, ‘कोणत्या सालची?’ हा प्रश्न अनेकांना नाहक चौकशी वाटतो, पण पॅडच्या खरेदीतली सर्वांत मोठी चूक तिथेच टळते. स्विफ्ट भारतात २००५ साली आली आणि त्यानंतर २०११, २०१८ व २०२४ मध्ये तिच्या नव्या पिढ्या आल्या. म्हणजे नाव एकच असले तरी गाडी एकच नव्हे. त्यामुळे केवळ मॉडेलच्या नावावर पॅड घेऊ नयेत. आरसीवर असलेला सतरा अक्षरांकांचा चॅसिस क्रमांक दुकानदाराला द्यावा आणि शक्य असल्यास जुना पॅड सोबत नेऊन नव्या पॅडच्या पाठीवर ठेवून पाहावा. लोखंडी पाठीचा आकार, दोन्ही टोकांचे कान आणि क्लिपची जागा तंतोतंत जुळली पाहिजे.

‘जवळजवळ जुळतो’ या शब्दांवर विश्वास ठेवल्याचा परिणाम मी स्वतः भोगला आहे. एका गॅरेजमध्ये नवे पॅड कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या पकडीच्या, खाचेत बसेनात, तेव्हा मेकॅनिकने शांतपणे कानस काढली आणि पॅडचे कान घासून ते ठोकून बसवले. त्यानंतर तीन आठवड्यांनी पुण्याहून माणगावकडे ताम्हिणी उतरलो, तर खाली पोहोचेपर्यंत पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता आणि रिमजवळ हात नेता येत नव्हता. चाक उघडल्यावर दिसले, की आतला पॅड खाचेत अडकून डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, सतत घासत राहिला होता आणि पाचरीसारखा तिरका झिजला होता. न्याय म्हणून हेही सांगायला हवे, की कधीकधी पॅड बरोबर असतो आणि खाचेत साठलेल्या गंजामुळे तो अडतो. अशा वेळी खाच तारेच्या ब्रशने साफ करायची असते. कानस पॅडवर चालवायची नसते.

दुसरा गैरसमज असा, की जितका कडक पॅड तितका तो चांगला. पॅडच्या मिश्रणात धातूचे प्रमाण जास्त असेल, म्हणजेच तो सेमी-मेटॅलिक असेल, तर तो उष्णता चांगली सहन करतो. मात्र थंड असताना त्याची पकड थोडी उशिरा येते, तो आवाज अधिक करतो आणि बहुधा डिस्कही लवकर खातो. ऑरगॅनिक पॅड मऊ व शांत असतो, पण लांबलचक उतारावर तापला की त्याची पकड लवकर ढिली पडते. सिरॅमिक पॅडची काजळी कमी असते आणि आवाजही कमी, मात्र किंमत जास्त. रोज ऑफिसला जाऊन-येऊन शहरातच फिरणाऱ्या गाडीला कंपनीने मुळात दिलेल्या प्रतीचेच पॅड पुरेसे असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. दर आठवड्याला माणसे आणि सामान भरून घाट चढ-उतार करणाऱ्याने मात्र उष्णतेचा विचार आधी करावा. काही पॅडच्या पाठीवर किंवा कडेला छापलेल्या सांकेतिक मजकुराच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात: पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षण सांगते आणि दुसरे तापल्यानंतरचे. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर तो पॅड तापल्यावर नरम पडणारा आहे असे समजावे. पॅड किती टिकेल, हे या अक्षरांवरून कळत नाही.

बाहेरून डोकावून ‘अजून बराच पॅड आहे’ असे ठरवणे हीदेखील नेहमीची चूक आहे, कारण चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्या असतील तर आतला आधी संपतो. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलाची तयारी करावी, आणि बदलताना दोन्ही चाकांचे मिळून चारही पॅड एकदम बदलावेत. पैसे वाचवण्यासाठी एकाच बाजूचे बदलले, तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

आवाज आला म्हणून लगेच पॅडला दोष देऊ नये. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकला खरखर होते. ती आपोआप थांबते. ब्रेक दाबल्यावर सतत येणारी बारीक किंकाळी बहुधा झीज दाखवणाऱ्या पत्रीची असते, तर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला की गाडी पुढे नेऊ नये. पेडल थरथरत असेल, तर नवे पॅड घालून उपयोग होत नाही. डिस्कची जाडी मोजून घ्यावी आणि ती डिस्कवरच कोरलेल्या किमान आकड्याच्या खाली गेली असेल, तर डिस्क बदलावी.

पॅड झिजत जातात तशी टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी खाली येते, आणि कुणीतरी ते वर भरून ठेवतो. पुढे नवे पॅड बसवण्यासाठी कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबला, की तेच ऑइल बाहेर सांडून रंग खराब करते. म्हणून आधी टाकी पाहावी. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, कारण पहिले एक-दोन दाब पोकळ जातात. सुरुवातीचे सुमारे ३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारणे शक्यतो टाळावे, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात.

निघताना जुने चारही पॅड मागून घ्यावेत आणि तिथेच बोनेटवर ओळीने मांडावेत. चौघांची जाडी सारखी असेल, तर कॅलिपर ठीक आहेत. एखादा जास्त किंवा तिरका झिजला असेल, तर ते चाक पुन्हा उघडायला लावावे.