जुना ऑइल फिल्टर कचऱ्यात टाकण्याआधी

गाडीतून काढलेला फिल्टर रिकामा वाटतो, पण आतल्या कागदात बरंच ऑइल अडकलेलं असतं. तोंडाजवळची रबरी झडप ते बाहेर येऊ देत नाही, म्हणून नुसता उलटा ठेवून भागत नाही. इंजिन कोमट असतानाच फिल्टर काढा. थंड ऑइल घट्ट होऊन आतच राहतं. हातमोजे आणि चष्मा घालून फिल्टरच्या बंद, घुमटासारख्या टोकाला खिळ्याने भोक पाडा. मग तोंड खाली करून जाळीवर किमान 12 तास निथळू द्या. घाई केली की पिशवीतून गळती ठरलेलीच.

निथळलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरा. त्यात पेट्रोल, कूलंट किंवा पाणी मिसळू नका, मिसळलेलं ऑइल पुन्हा शुद्ध करणं अवघड जातं. गटारात तर मुळीच ओतू नका; कोल्हापुरात जयंती नाल्यातून ते थेट पंचगंगा नदीत जाईल. जाळणंही नको, धुरात जड धातू असतात.

फिल्टर आणि कॅन ऑइल बदलणाऱ्या गॅरेजला द्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजं भरपूर आहेत, पण जुनं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातं का, हे आधी विचारा. सांडलंच तर लाकडाचा भुसा टाका, पाणी नको.