वाईट मार्गाला लागलेला भाऊ लिहायचाय? आधी त्याच्या घरातला तांदळाचा डबा बघा

एकांकिका, शॉर्टफिल्म लिहिणारी पोरं मला स्क्रिप्ट वाचायला देतात, त्यात बऱ्याचदा दोन भाऊ असतात, एक सरळ आणि एक वाया गेलेला, आणि तो वाया का गेला तर लहानपणी गरिबी होती, विषय संपला. अरे पण गरिबी दोघांच्याही वाट्याला आली होती ना, त्याच दहा बाय बाराच्या खोलीत, मग दुसरा का नाही गेला? याचं उत्तर हातात नसेल तर पहिला सीन लिहूच नका.

उत्तर शोधायचं तर आधी वयं ठरवा, कागदावर, सालासकट. समजा गोष्ट लालबाग-परळची आहे. गिरणी संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि घराघरातला पगार थांबला. आता त्या दिवशी थोरला 12 वर्षांचा आणि धाकटा 6 चा असेल तर दोघांचं लहानपण एक नाहीच. धाकट्याला आठवतं की त्या वर्षी आपण मे महिन्यात कोकणात गेलो ते थेट गणपती करूनच आलो, काय मजा होती. थोरल्याला आठवतं की खोलीचं भाडं थकलं होतं, दुकानदाराने उधारी बंद केली होती आणि आई मंगळसूत्र गहाण टाकायला पेढीवर गेली तेव्हा तोच तिच्यासोबत होता, बाहेर पायरीवर तिच्या चपला सांभाळत. घर तेच, भूकही तीच, पण धाकट्याला झळ लागू नये म्हणून कोणीतरी मध्ये उभं राहिलं, आणि ते थोरल्याने केलं. तुमचं कॅरेक्टर इथे सापडतं, पिस्तूल वगैरे फार नंतर.

मग हिशोब मांडा. खरंच वहीत मांडा. धाकट्याच्या शाळेची फी कोणी भरली, युनिफॉर्म कुठून आला, थोरल्याची शाळा कितवीत सुटली, त्यानंतर तो चहा पोचवायला कुठे लागला. पहिलं चुकीचं काम एकदम छोटं ठेवा, नाक्यावरच्या कोणीतरी एक पाकीट दिलं, अमक्याला दे म्हणाला, आत काय आहे ते याने विचारलं नाही आणि संध्याकाळी घरी किलोभर साखर आली. त्या साखरेचा चहा धाकट्यानेही प्यायलाय, हे विसरू नका. पुढे तो शिकून सरळ माणूस होतो आणि भावाला नावं ठेवतो, पण त्याचं सरळ असणं कोणाच्या पैशावर उभं राहिलं ते त्याला नेमकं कधी कळतं, हे ठरलं की तुमचा इंटरव्हल ठरला.

1975 चा दीवार या नजरेने परत बघा. सलीम-जावेदने तिथे गरिबीवर लेक्चर दिलेलं नाही. बापाच्या बदनामीची शिक्षा लोक थोरल्याच्या हातावर गोंदवतात, आणि हात त्याचा, धाकट्याचा नाही. थोरला बूट पॉलिश करतो, धाकटा शाळेत जातो. मोठा झाल्यावर थोरला जी इमारत मागेल ती किंमत देऊन विकत घेतो ती चैन म्हणून नाही, तिथे आईने विटा वाहिलेल्या असतात. जखम आणि गुन्हा यांच्यामध्ये इतकी सरळ दोरी बांधलेली आहे.

आणि हलाखी संवादात सांगू नका हो, सवयीत दाखवा. आमच्या चाळीत एक काका होते, चांगली नोकरी होती, पण कोणाच्याही घरी गेले की बोलता बोलता तांदळाचा डबा जरा उचलून बघायचे, किती जड लागतो ते. तुमचा थोरला गाडीतून उतरून आईच्या घरी येतो, तिच्याशी एक शब्द बोलायच्या आधी डबा उचलतो, खाली ठेवतो, मग बसतो. एवढ्यात फ्लॅशबॅकची दहा मिनिटं वाचतात.

आईलाही नुसतं रडायला लावू नका. तिला सगळं माहीत असतं. ती थोरल्याचे पैसे घेते, पण वेगळ्या डब्यात ठेवते, त्यातून रेशन आणते, औषधं आणते, देवाच्या दिव्याचं तेल मात्र त्या पैशातून कधीच नाही.

थोरल्याच्या जागी बहीण ठेवलीत तर अजून अवघड आणि अजून खरं, कारण बऱ्याच घरांत आधी मुलीचीच शाळा सुटली आणि त्याला कोणी त्याग वगैरे म्हटलंसुद्धा नाही.

एक मात्र मनापासून सांगतो, गरिबीतून आला म्हणून गुंड झाला असं लिहू नका. गिरणगावातल्या हजारो लोकांनी भाजी विकली, वॉचमनची नोकरी केली, बायकांनी डबे करून घरं चालवली, त्यांचा अपमान होतो. तुमचा हा एकच माणूस का घसरला, कुठल्या संध्याकाळी घसरला, तेवढंच लिहा.

त्यासाठी लालबाग, परळ, करी रोडला ज्या चाळी अजून उभ्या आहेत तिथे जाऊन म्हाताऱ्या माणसांसमोर बसा. संपात तुमचं काय झालं असं विचारलंत तर चाललं कसंतरी म्हणतील आणि गप्प बसतील. त्या वर्षी दिवाळीला फराळ काय केला होता ते विचारा, मग बोलतात.