मेल लिहिताना नाऊन की व्हर्ब? मराठी मीडियमवाल्या फ्रेशर्ससाठी

मी कस्टमर सपोर्टमध्ये आहे, नवीन पोरापोरींचे मेल बाहेर जायच्या आधी माझ्याकडे चेकिंगला येतात म्हणून हे लिहितोय. बरेचजण मराठी मीडियमचे, टेन्स वगैरे ठीकठाक असतात, अडतं कुठे तर हातातला शब्द नाऊन (नाम) आहे की व्हर्ब (क्रियापद) तिथे.

यात त्यांचा फार दोष नाही, दोष आपल्या 'करणे'चा आहे. आपण डिस्कस करूया पण म्हणतो आणि डिस्कशन करूया पण म्हणतो, कम्प्लेंट केली, एक्सप्लेन केलं, मागे 'करणे' लावलं की इंग्लिशचा कुठलाही शब्द खपून जातो. इंग्लिशमध्ये लिहायला बसलं की हा 'करणे' नसतो, मग गडबड.

नेहमी येणारं एक वाक्य घ्या, 'वी डिस्कस्ड अबाउट युअर कम्प्लेन'. 'युअर'च्या पुढे नाऊन पाहिजे, कम्प्लेन तर व्हर्ब आहे, म्हणून शेवटी टी लावून कम्प्लेंट. आणि डिस्कस या व्हर्बला अबाउट लागत नाही, डिस्कशन या नाऊनला लागतं, म्हणजे एकतर 'वी डिस्कस्ड युअर कम्प्लेंट' नाहीतर 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट युअर कम्प्लेंट'. रिक्वेस्टचंही तेच, शब्द दोन्हीकडे सेम पण नाऊनला फॉर लागतो, 'अ रिक्वेस्ट फॉर रिफंड', आणि व्हर्ब असेल तर सरळ 'ही रिक्वेस्टेड अ रिफंड'. म्हणून नुसत्या नाऊन-व्हर्बच्या जोड्या पाठ करून फायदा नाही, पुढचा फॉर-अबाउट-टू धरूनच पाठ करा. 'एक्सप्लेन मी' नाही, 'एक्सप्लेन टू मी'.

ऍडव्हाइस सगळ्यांनाच छळतो. सी वालं स्पेलिंग नाऊन, उच्चारात शेवटी स. एस वालं व्हर्ब, शेवटी झ, ऍडव्हाइझ. आणि नाऊनचं अनेकवचन होत नाही, ऍडव्हाइसेस लिहू नका, इन्फर्मेशन्स आणि फीडबॅक्स पण नको. सजेशन्स, कम्प्लेंट्स मात्र बिनधास्त चालतात. लॉजिक शोधत बसू नका, केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत नाऊनच्या बाजूला नुसतं यू (अनकाउंटेबल) असं अक्षर दिसलं, सोबत सी नसेल, तर एस लावायचा नाही, संपला विषय.

स्पेलिंगमध्ये दोन ठिकाणी पाय घसरतो: एक्सप्लेनचं एक्सप्लनेशन होताना आय उडतो, आणि प्रोनाउन्सचं प्रोनन्सिएशन होताना मधला ओ. प्रोनाउन्सिएशन म्हणणारे टीम लीड पण बघितलेत, तुम्ही गप्प बसा आणि बरोबर लिहा. रिस्पॉन्ड-रिस्पॉन्स सोपं आहे, रिप्लाय तर दोन्हीकडे तोच. कन्व्हेवरून मात्र 'कन्व्हेयन्स' बनवून निरोप या अर्थाने वापरू नका, ते जाण्यायेण्याच्या भाड्याचं बिल झालं, तिथे साधं मेसेज लिहा.

बोलताना रेकॉर्डकडे लक्ष द्या, नाऊन असेल तर जोर पहिल्या भागावर, व्हर्ब असेल तर दुसऱ्यावर, कॉलवर फरक लगेच कळतो.

प्रॅक्टिस म्हणाल तर स्वतःचेच जुने सेंट मेल उघडा, एक वाक्य व्हर्बने असेल तर तेच नाऊनने लिहून बघा, मग उलट. आणि हो, मीटिंगमध्ये कोणी 'व्हॉट इज द आस्क' म्हणालं तर घाबरू नका, कॉर्पोरेटवाल्यांनी व्हर्बचं नाऊन करून टाकलंय, क्लायंटला काय पाहिजे एवढंच विचारतायत.