परदेशी जायचं ठरलं, पण कुठल्या देशात?

पहिल्यांदा परदेशी गेलो तेव्हा देश आम्ही निवडलाच नव्हता. नवऱ्याला नोकरी मिळाली, पगार चांगला होता, निघालो. मी फिजिओथेरपिस्ट. नऊ वर्षांची प्रॅक्टिस सोडून गेले आणि पोहोचल्यावर दोन महिन्यांनी कळलं, की माझ्या व्हिसावर मला कामच करता येणार नाही. पावणेतीन वर्षं मी घरी बसले. पैशांची ओढाताण नव्हती, पण सकाळी सगळे बाहेर पडले की दार लावून घेतल्यावर घरात जी शांतता उरायची, ती मी विसरलेले नाही.

दुसऱ्यांदा जायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघं वही घेऊन बसलो आणि देशांची नावं लिहायच्या आधी घरातल्या माणसांची नावं लिहिली. तुम्हीही तसंच करा. आणि सुरुवात करा ती घरात ज्याच्यापुढे सगळ्यात कमी वाटा आहेत त्याच्यापासून. ज्याला कुठेही नोकरी मिळेल तो कुठेही रुळेल. परवान्याशिवाय काम करता येत नाही अशी बायको, शाळेत वेगळी मदत लागणारं मूल, नियमित औषधोपचार लागणारा माणूस, यांना जो देश मानवेल तोच तुमचा देश.

पहिला प्रश्न जोडीदाराच्या कामाचा. यात देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना) आलेल्याच्या नवरा-बायकोला कुठलंही काम करायची मोकळीक असते. जपानमध्ये साध्या डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या आधाराने मिळालेल्या व्हिसावर, वेगळी परवानगी काढावी लागते आणि तीही साधारणपणे आठवड्याला २८ तासांपुरती. सिंगापूरने १ मे २०२१पासून डिपेंडंट पासवाल्यांना नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास सक्तीचा केला. ‘फॅमिली व्हिसा मिळेल’ असं कुणी सांगितलं तर लगेच विचारा: कामाच्या हक्कासकट, की नुसता राहण्याचा?

दुसरा प्रश्न परवान्याचा. सॉफ्टवेअरवाल्याला तो सहसा पडत नाही. डॉक्टर, नर्स, फिजिओ, शिक्षक, वकील यांचा मात्र सगळा खेळ त्यावरच असतो, आणि पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रिशियनचासुद्धा. मी तीन देशांचे नियम काढून वाचले. जर्मनीत माझ्या पदवीची तिथल्या अभ्यासक्रमाशी तुलना होणार, कमी पडेल तिथे प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि त्याखेरीज बी२ पातळीचं (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली चौथी) जर्मन. कॅनडात नोंदणी प्रांताप्रांताची, म्हणजे उद्या नवऱ्याची नोकरी दुसऱ्या प्रांतात गेली तर माझे कागद पुन्हा हलणार. ऑस्ट्रेलियात लेखी आणि प्रत्यक्ष अशा परीक्षा, खर्चही बराच; पण २०१०पासून नोंदणी देशभरासाठी एकच. एकदा झाली की कुठल्याही राज्यात काम करा. माझ्यासाठी पारडं तिथेच झुकलं.

मग वय. वयाचं कोष्टक इतकं कठोर असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट्सवाल्या व्हिसात २५ ते ३२ वयाला ३० पॉइंट्स, ३३ ते ३९ला २५, ४० ते ४४ला १५, आणि पंचेचाळिशी पूर्ण झाली की तो दरवाजा बंद. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर कायमच्या निवासासाठी निवड करण्याच्या पद्धतीत, २० ते २९ या वयाला सर्वाधिक गुण. तिशीपासून ते उतरायला लागतात आणि ४५ला शून्य होतात. ऑस्ट्रेलियात वय मोजतात ते सरकारकडून अर्ज करायचं आमंत्रण येईल त्या दिवसाचं, अर्जाची तयारी सुरू केल्याच्या दिवसाचं नव्हे. म्हणून वाढदिवस आधी कॅलेंडरवर टाका.

इथेच आमचा सगळा हिशोब फिरला. नवरा तेव्हा ४१चा, मी ३८ची. मुख्य अर्जदार तोच, हे दोघांनीही गृहीत धरलं होतं. दोन्ही बाजूंनी बेरीज केली तर वयाचेच दहा पॉइंट्स माझ्याकडे जास्त निघाले, शिवाय माझा व्यवसाय ऑस्ट्रेलियाच्या हव्या असलेल्या व्यवसायांच्या यादीत होता. गेल्या वेळी डिपेंडंट म्हणून गेलेली मी या वेळी मुख्य अर्जदार झाले. जोडप्याने गुणांची बेरीज दोनदा करावी, एकदा याला पुढे धरून आणि एकदा तिला. कमीत कमी ६५ पॉइंट्स लागतात असं लिहिलेलं असतं, पण ती नुसती रांगेत उभं राहण्याची अट आहे. आमंत्रणं बहुतेक वेळा त्याहून बरेच जास्त पॉइंट्स असलेल्यांनाच जातात.

भाषेचं लोक फार हलक्यात घेतात. ऑफिसात इंग्रजी चालेल हो, पण मुलाच्या शिक्षिकेशी, घरमालकाशी, रात्री दोन वाजता तातडीच्या विभागातल्या नर्सशी कोण बोलणार? बहुतेक वेळा घरी असलेला जोडीदारच. जपानी शिकायची उमेद असेल तर आपल्याला एक सोय आहे: क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं आणि ‘ला’, ‘चा’ यांसारखं शब्दामागून लागतं. दमछाक होते ती वाचताना, कारण रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २,१३६ कांजी (चिनी लिपीतून आलेली चित्राक्षरं) आहेत. जर्मनीने तर भाषेला थेट मोल दिलंय: ब्लू कार्डवाल्याला ए१ येत असेल तर कायमचा निवास २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी१ येत असेल तर २१ महिन्यांनी. भाषा जायच्या आधी सहा महिने सुरू करा, आणि दोघांनीही.

आता नको वाटणारा प्रश्न. नोकरी गेली तर किती दिवस राहता येईल? अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर साधारण ६० दिवस. ऑस्ट्रेलियात कंपनीने स्पॉन्सर केलेल्या कामगाराला जुलै २०२४पासून एका वेळी १८० दिवस. साठ दिवसांत नवी नोकरी शोधायची, नाहीतर शाळेतून मुलाचं नाव काढून घर आवरायचं. हे आकडे पगाराच्या आकड्याशेजारीच लिहा. अमेरिकेचं आणखी एक: नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त जागा येत नाहीत आणि देश धरतात तो जन्माचा. पासपोर्ट बदलूनही ती रांग टळत नाही.

आईवडिलांना पुढे आणायचं मनात असेल तर तेही आजच बघा. ऑस्ट्रेलियाच्या स्वस्तातल्या पेरेंट व्हिसाची रांग ३० वर्षांहून लांब आहे. कॅनडात सुपर व्हिसावर आईवडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. हे वाचून आम्ही पुष्कळ दिवस गप्प होतो. ऑस्ट्रेलियाच धरली, पण डोळे उघडे ठेवून, आणि आईशी त्याबद्दल स्पष्ट बोलून.

नागरिकत्वाची घाई नको; फक्त जुनं सोडावं लागतं का एवढं पाहून ठेवा. जपान सोडायला लावतो. जर्मनीने २७ जून २०२४पासून दोन्ही ठेवायला मुभा दिली, अर्थात तुमच्या मूळ देशालाही ते चालत असेल तरच.

दोन-तीन देश उरले की तिथे जाऊन राहा, आणि जायचं ते वाईट ऋतूत. हेलसिंकीला डिसेंबर अखेरीस दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. जूनमध्ये पाहिलेलं हेलसिंकी तुमच्या कामाचं नाही. हॉटेल नको, वस्तीतलं घर घ्या. सकाळी आठची गाडी पकडा, शाळा सुटताना फाटकाशी उभे राहा, दवाखान्यात नाव नोंदवायला काय लागतं ते विचारून या. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, ते मोजून ठेवा.

नियम वाचाल तिथे शेजारी तारीख टाका. कॅनडाने २५ मार्च २०२५ला एक्सप्रेस एंट्रीतले नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले आणि त्या गुणांवर भिस्त ठेवलेल्यांची बेरीज एका दिवसात कोसळली. वाचायचं ते त्या देशाच्या सरकारी साइटवरच. सल्लागार घेतलात तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा.

बायकांसाठी एक काम, देश ठरायच्याही आधीचं. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, नोंदणी प्रमाणपत्रावर तिसरंच काहीतरी, अशी माझी गत होती. ती नावं जुळवायला चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत माझा ३९वा वाढदिवस होऊन गेला. आज रात्रीच सगळे कागद काढून एका ओळीत मांडा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा.