कुठल्याही देशाचा झेंडा कसा वाचायचा

ऑलिंपिकचं उद्घाटन चालू असतं, एकेक देशाची टीम झेंडा घेऊन पुढे येत असते आणि शेजारी बसलेलं पोरगं विचारतं की ह्याच्या झेंड्यावर सूर्य का, त्याच्यावर झाडाचं पान का, आणि मोझांबिकच्या झेंड्यावर चक्क बंदूक कशाला? मग आपण ठरलेलं उत्तर देतो, लाल म्हणजे रक्त, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे शेती. मी पण बरीच वर्षं हेच सांगायचे. पण एकेका झेंड्याची गोष्ट शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या देशाचा इतिहास आपण तीन शब्दांत गुंडाळतोय, आणि ज्या कापडासाठी माणसांनी जीव दिलेत त्याच्याबद्दल एवढं उरकून टाकणं मला तरी पटत नाही. म्हणून मी स्वतः ज्या क्रमाने झेंडा वाचते तो क्रम इथे देतेय.

स्टेप १: रंगांचा तक्ता बाजूला ठेवा

रंग शेवटी बघायचे, आधी नाही. नुसता लाल घ्या. चीनच्या झेंड्यावरचा लाल कम्युनिस्ट क्रांतीचा, जपानच्या झेंड्यावरचा लाल गोळा म्हणजे उगवता सूर्य, आणि डेन्मार्कच्या लाल झेंड्याबद्दल अशी दंतकथा आहे की १२१९ सालच्या एका लढाईत तो आकाशातून खाली पडला. रंग एकच पण तिघांच्या गोष्टी एकमेकींना कुठेच भेटत नाहीत, त्यामुळे रंगावरून सुरुवात केली की चुकायची खात्रीच.

स्टेप २: सांगाडा बघा

म्हणजे आकार, लांबी-रुंदीचं प्रमाण, आणि काठीकडची बाजू कुठली ते. झेंड्याचं चित्र काढलं की काठी बहुतेक वेळा डावीकडे असते (अरबी लिपीतला मजकूर असलेला सौदी अरेबियाचा झेंडा मात्र उजवीकडून वाचला जातो म्हणून तिथे काठी उजवीकडे धरतात). स्वित्झर्लंड आणि व्हॅटिकनचा झेंडा चौकोनी, चारही बाजू सारख्या. नेपाळचा तर आयतच नाही, एकावर एक दोन त्रिकोण, आणि तो कसा आखायचा ह्याच्या सूचना त्यांच्या राज्यघटनेतच दिल्यात. इंडोनेशिया आणि मोनॅको दोघांचेही वर लाल खाली पांढरा, फरक फक्त प्रमाणाचा, इंडोनेशियाचा २:३ आणि मोनॅकोचा ४:५. तोच उलटा, वर पांढरा खाली लाल केला की पोलंड.

स्टेप ३: घराणं ओळखा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच. झेंड्यांची घराणी असतात, एक ओळखलं की चार-पाच देश आपोआप उलगडतात. डेन्मार्कसारखा काठीकडे सरकलेला क्रॉस दिसला की स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलंड ही सगळी उत्तर युरोपातली भावंडं. काळा, पांढरा, हिरवा, लाल असे चार रंग एकत्र दिसले की १९१६ च्या अरब उठावाच्या झेंड्याची आठवण, जॉर्डन, कुवेत, संयुक्त अरब अमिराती वगैरे त्यात येतात. पिवळा-निळा-लाल असेल तर कोलंबिया, इक्वेडोर, व्हेनेझुएला, हे तिघं एकेकाळी एकाच देशात होते.

आणि हिरवा-पिवळा-लाल बघा, हे घराणं मला फार जवळचं वाटतं. हे रंग इथियोपियाचे. १८९६ मध्ये आडवाच्या लढाईत इथियोपियाने इटलीच्या सैन्याला हरवलं, आफ्रिकेतले बाकीचे बहुतेक सगळे प्रदेश युरोपच्या ताब्यात जात असताना हा देश टिकून राहिला, त्यामुळे १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी हेच रंग घेतले आणि मधोमध काळा तारा लावला. तो झेंडा थिओडोसिया ओको नावाच्या बाईंनी तयार केला. नंतर सेनेगल, माली, गिनी अशा कितीतरी देशांनी तेच रंग घेतले. आता ह्या हिरव्याला नुसतं शेती म्हणून सोडून दिलं तर केवढी मोठी गोष्ट हातातून निसटते!

स्टेप ४: चिन्हं मोजा

नुसतं तारे आहेत म्हणू नका, किती आहेत ते मोजा. अमेरिकेच्या झेंड्यावर ५० तारे म्हणजे ५० राज्यं आणि १३ पट्टे म्हणजे सुरुवातीच्या १३ वसाहती. ब्राझीलच्या निळ्या गोलात २७ तारे आहेत, २६ राज्यं आणि राजधानीचा जिल्हा, आणि ते कसेही विखुरलेले नाहीत, १५ नोव्हेंबर १८८९ ला तिथे प्रजासत्ताक जाहीर झालं त्या दिवशीचं रिओ द जानेरोवरचं सकाळचं आकाश आहे ते. आणि त्या पोराची मोझांबिकची बंदूक, तिच्यासोबत कुदळ आणि उघडं पुस्तकही आहे ते नीट बघा, म्हणजे संरक्षण, शेती आणि शिक्षण.

स्टेप ५: तारीख शोधा, आणि त्याआधी कुठला झेंडा होता तेही

कॅनडाचं लाल पान १५ फेब्रुवारी १९६५ ला आलं. त्याआधीच्या झेंड्याच्या कोपऱ्यात ब्रिटनचा झेंडा होता, म्हणजे ते पान काय सांगतंय ते कोपऱ्यातून काय गेलं ह्यावरून कळतं. लिश्टेनश्टाइनची तर गंमतच, १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांना कळलं की आपला आणि हैतीचा झेंडा सारखाच आहे, मग पुढच्या वर्षी त्यांनी आपल्यावर मुकुट टाकला.

स्टेप ६: सरकारी अर्थ आणि लोकांचा अर्थ वेगळा ठेवा

फॉरवर्ड होऊन आलेल्या माहितीवर इथे अजिबात विसंबू नका. आपल्याच तिरंग्याचे रंग धर्मांप्रमाणे वाटून सांगणारे खूप भेटतात, पण २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने झेंडा स्वीकारला तेव्हा राधाकृष्णन यांनी सांगितलेला अर्थ असा, की भगवा त्यागाचा, पांढरा प्रकाशाचा आणि सत्याचा, हिरवा मातीशी असलेल्या नात्याचा आणि चक्र धर्माचं, गतीचं. उलट दक्षिण आफ्रिकेने १९९४ च्या झेंड्यातल्या रंगांना मुद्दाम एकच एक अधिकृत अर्थ दिलेला नाही, कारण एकच रंग वेगवेगळ्या समाजांना वेगवेगळी गोष्ट सांगतो. तिथे कोणी ठामपणे 'ह्या रंगाचा अर्थ हा' म्हणालं तर ते त्याचं स्वतःचं मत समजायचं.

स्टेप ७: झेंडा कसा लावलाय ते बघा

फिलिपिन्सचा झेंडा शांततेत निळा वर असतो, युद्धकाळात लाल वर येतो. ब्रिटनचा झेंडा दोन्हीकडून सारखा वाटतो पण नाही, काठीकडे वरच्या कोपऱ्यात जाड पांढरी पट्टी लाल पट्टीच्या वर असली पाहिजे, नाहीतर तो उलटा लागलाय. आणि दुःखात झेंडा अर्ध्यावर असतो तेव्हा बऱ्याच देशांत तो आधी पूर्ण वर चढवतात, मग अर्ध्यावर आणतात, आणि संध्याकाळी उतरवतानासुद्धा आधी पुन्हा वर नेतात.

स्टेप ८: स्वतः काढून बघा

हे टाळू नका, मुलांना तर बसवाच. बांगलादेशचा घ्या, सोपा आहे. १० सेंमी लांब, ६ सेंमी उंच हिरवा आयत. आता डावीकडून साडेचार सेंमी आणि खालून ३ सेंमीवर ठिपका द्या आणि तिथे कंपास ठेवून २ सेंमी त्रिज्येचा लाल गोल काढा. मी पहिल्यांदा काढला तेव्हा माझंच काहीतरी चुकलं असं वाटून पट्टीने परत मोजलं, कारण गोल मध्यावर येत नाही, अर्धा सेंमी डावीकडे राहतो. ते मुद्दाम आहे. वाऱ्यावर झेंड्याचं मोकळं टोक दुमडतं, लांबी कमी दिसते, आणि तेव्हा तो गोल डोळ्याला बरोबर मध्यावर दिसतो. जपानच्या झेंड्यातही १८७० च्या नियमाप्रमाणे गोळा असाच थोडासा, लांबीच्या शंभराव्या भागाएवढा, काठीकडे होता, १९९९ च्या कायद्याने तो मध्यावर आणला. तुमचा कागद कापा, डावी कड पेन्सिलला चिकटवा आणि पंख्यासमोर धरा.