मोटारसायकलची नंबरप्लेट पक्की कशी बसवावी

नंबरप्लेट गळून पडली की पहिला संशय बोल्टवर जातो. माझ्या गाडीची प्लेट वाटेत कुठेतरी पडली तेव्हा मात्र दोन्ही बोल्ट जागच्या जागी घट्ट होते आणि प्रत्येकाच्या वॉशरखाली पत्र्याची चकती तेवढी अडकून राहिली होती. बोल्ट सुटलाच नव्हता, भोकाभोवतीचा पत्रा फाटला होता. प्लेट सहसा वरच्या दोन भोकांवर टांगलेली असते आणि खालची कड मोकळीच राहते. इंजिनची थरथर, खड्ड्यांचे हादरे आणि वारा यांमुळे ती कड सतत फडफडते, आणि तार पुन्हापुन्हा वाकवून तोडावी तसा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा भोकापाशी तुटतो. त्यामुळे बोल्ट आवळण्याआधी ही फडफड थांबवणे महत्त्वाचे आहे.

दोष कुठे आहे, हे ओळखणे सोपे आहे. गाडी मोकळ्या हवेत न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन चालू करावे आणि ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवावा. एका ठरावीक वेगाला प्लेट एकदम गुणगुणू लागते. त्या क्षणी दुसऱ्या कोणीतरी तिची खालची कड बोटाने अलगद दाबावी, मात्र हात सायलेन्सरपासून दूर ठेवावा. दाबताच आवाज बंद झाला, तर प्लेटला मागून टेकू नाही असे समजावे.

हा टेकू म्हणजे प्लेटच्याच मापाचा, सुमारे 3 मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा किंवा चिवट प्लास्टिकचा तुकडा. प्लेट आणि हा तुकडा यांच्यामध्ये, खालच्या कडेजवळ, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपची पट्टी लावावी. त्याआधी दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडे करावेत, कारण तेलकट पत्र्यावर ही टेप फार दिवस टिकत नाही. तयार चौकट वापरायची असल्यास तिची कड एकाही अक्षरावर किंवा अंकावर येत नाही ना, हे पाहूनच ती घ्यावी. टेकूच्या भोकांच्या धारा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात. धारदार कडेपासून चीर लवकर सुरू होते.

पुष्कळ गाड्यांना येथे 6 मिमी व्यासाचा बोल्ट लागतो आणि त्याला सहसा दहा नंबरचा पाना बसतो. प्लेट, टेकू, ब्रॅकेट (प्लेट ज्यावर बसते तो गाडीवरचा आधार) आणि वॉशर यांची एकत्रित जाडी मोजून, नट लावल्यावर दोन-तीन आटेच बाहेर राहतील एवढ्या लांबीचा बोल्ट निवडावा. लांब बोल्ट अधिक मजबूत असतो हा गैरसमज आहे. मागे माणूस बसवून गाडी खड्ड्यात आपटली की मडगार्ड चाकाजवळ येते आणि पुढे आलेले टोक टायरला घासू शकते. बोल्टच्या डोक्याखाली रुंद वॉशर घालावा, म्हणजे दाब भोकाच्या काठावर एकवटत नाही. प्लेटमागे रबरी वॉशर असेल, तर स्प्रिंग वॉशरवर विसंबू नये. तेथे आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट वापरावा आणि तो एकदा काढला की शक्यतो नवा लावावा. थ्रेडलॉकर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा चिकट द्रव, वापरायचाच असेल, तर निळ्या रंगाचा पुरेसा आहे, परंतु ब्रॅकेट प्लास्टिकचे असल्यास तोही टाळावा, कारण त्याने काही प्लास्टिकला तडे जातात.

दोन्ही नट आधी हाताने फिरवून प्लेट सरळ करावी आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. वॉशर फिरेनासा झाला की आणखी पाव फेरा पुरे. प्लास्टिकच्या ब्रॅकेटवर याहून जास्त जोर लावला, तर पडणारी चीर आज दिसत नाही, महिन्याभराने दिसते.

पत्रा आधीच फाटू लागला असेल, तर टेकू आणि रुंद वॉशर लावून काही दिवस निभावते, पण नव्या प्लेटची व्यवस्था लगेच करावी. स्वतःहून नवी भोके पाडू नयेत. अनेक ठिकाणी त्याला मनाई असते. तसेच उघडताच तुटणारे कुलूपवजा रिव्हेट लावलेले असतील, तर ते स्वतः न काढता अधिकृत ठिकाणी बदलून घ्यावेत. केबल टाय घरी पोहोचेपर्यंत ठीक आहे. उन्हात तो ठिसूळ होतो आणि एक दिवस गुपचूप तुटतो.

बसवल्यानंतर शंभरेक किलोमीटरवर एकदा आणि पुढे चेनला तेल घालताना दर वेळी वॉशरभोवती बारकाईने पाहावे. तेथे करडा-काळा ओघळ दिसला, तर पत्रा वॉशरखाली घासून झिजत आहे. तो पुसून ठेवावा आणि पुढच्या खेपेला पुन्हा उमटलेला दिसल्यास नट आणखी न आवळता प्लेट उतरवून मागची टेप सुटली आहे का, ते पाहावे.