वाढीव खोलीच्या दारातून पाणी आत येतंय? आधी हे बघा

आपल्याकडे जळगाव-धुळ्याला घराला मागून एक खोली वाढवली की तिचं दार बरेचदा अंगणाच्या लेव्हललाच ठेवतात, गाडी आत घ्यायला सोपं पडतं म्हणून, आणि मग जूनचा पहिला जोरदार पाऊस आला की पाणी सरळ आत. आमच्याकडे दोन वर्षं असंच झालं, लाकडी चौकट खालून कुजली तेव्हा कळलं.

सगळ्यात आधी उतार. दारासमोर बादलीभर पाणी ओता, ते दाराकडे आलं तर बाकी काहीही लावून उपयोग नाही, फरशी उकरून उतार बाहेरच्या बाजूला करा, मीटरला 2 सेंटीमीटर तरी. तेवढी जागा नसेल तर दाराच्या पूर्ण रुंदीची नाली काढून वर लोखंडी जाळी टाका आणि पाणी लांब सोडा. लांबच हं, कारण आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात नवीन खोलीचा पाया हलतो आणि जुनी-नवी भिंत जिथे जोडली तिथे चीर पडते. ती नुसत्या सिमेंटने भरू नका, परत फुटते, पीयू सीलंट (पॉलीयुरेथेनचं, रबरासारखं ताणणारं भरण) भरा.

उंबरठा ग्रॅनाइटचा, खालून वॉटरप्रूफिंग करूनच बसवा. दारावर छज्जा हवाच, आणि त्याच्या खालच्या कडेला खाच ठेवायला मिस्त्रीला नक्की सांगा, नाहीतर पाणी छज्ज्याला चिकटून भिंतीवर येतं.

हे सगळं मे महिन्यातच उरका, ओल्या भिंतीला सीलंट नीट धरत नाही.